ऑनिंग अडली, तर मोटर शेवटी तपासा

उन्हाळ्याच्या सुट्टीत कॅम्पर भाड्याने घेऊन यलोस्टोनच्या किंवा ग्रँड कॅनियनच्या वाटेला लागणाऱ्यांत अमेरिकेतली मराठी कुटुंबेही असतात. गाडी वळवायची कशी, सांडपाण्याची टाकी रिकामी करायची कुठे, गॅस सुरू कसा करायचा, हे ताबा देणारा माणूस बैजवार समजावतो. गाडीच्या कुशीला गुंडाळून ठेवलेल्या कापडी छपराबद्दल मात्र दोनच वाक्ये: हे बटण दाबलं की ऑनिंग बाहेर, ते दाबलं की आत. त्यात खोटे काही नाही, पण या दोन वाक्यांमुळे एक समज पक्का होतो, तो म्हणजे ऑनिंगचे सगळे काम मोटर करते. म्हणून ऑनिंग अडली की ‘मोटर गेली’ असा निकाल तिथल्या तिथे लागतो. कॅम्परचे मालक तर नवी मोटर मागवून मोकळे होतात, ती बसवली जाते, आणि ऑनिंग जिथल्या तिथे. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार. मोटर या यंत्रणेतला सर्वांत साधा आणि बऱ्यापैकी दणकट भाग आहे. बिघाड बहुतेक वेळा तिच्या अलीकडे, म्हणजे तिला मिळणाऱ्या विजेत असतो, नाहीतर पलीकडे, म्हणजे कापडात आणि त्याला तोलणाऱ्या हातांत. हे का, ते रचना पाहिली की कळते.

अमेरिकी कॅम्परवर सर्रास दिसणारी रचना घेऊ. डोमेटिक, लिपर्टची सोलेरा, केअरफ्री ऑफ कोलोराडो या नावांनी ती विकली जाते. कापडाची एक कड गाडीच्या भिंतीवर, टपाच्या जरा खाली, ॲल्युमिनियमच्या खोबणीत सरकवून पक्की केलेली असते. दुसरी कड एका लांब नळीला जोडलेली असते आणि ती नळी दोन्ही टोकांना दोन घडीच्या हातांनी तोललेली असते. ऑनिंग मिटलेली असताना सगळे कापड नळीवर गुंडाळलेले आणि नळी भिंतीला लागलेली. मोटर असते नळीच्या एका टोकाला, १२ व्होल्टवर चालणारी, आणि तिला एकच काम येते, नळी या बाजूला नाहीतर त्या बाजूला फिरवणे. मग नळी भिंतीपासून आठ फूट दूर जाते ती कुणाच्या जोरावर? हातांमध्ये बसवलेल्या गॅस स्ट्रटच्या किंवा स्प्रिंगच्या. हॅचबॅक गाडीच्या डिकीचे दार वर उचलून धरणारे दांडे असतात, तसेच हे. ते चोवीस तास नळीला बाहेर रेटत असतात आणि गुंडाळलेले कापड त्यांना रोखून धरते. मोटरने कापड जितके सोडावे तितके हात उघडतात. म्हणजे उघडताना मोटर काही ढकलत नसते, ती फक्त सैल सोडत असते. मिटवताना मात्र तिला दोन्ही हातांचा रेटा मोडून नळी ओढून आणावी लागते. उघडणे हलके, मिटवणे जड. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर निम्मे निदान बसल्या जागी होते.

या रचनेचा दुसरा परिणाम असा की नळी कुठवर गेली आहे, कापड किती उरले आहे, याचा साध्या मोटरला पत्ता नसतो. पुष्कळ मॉडेलांत शेवटाला पोचल्यावर आपोआप थांबवणारी सोयच नसते. बटण दाबून ठेवले तोवर मोटर फिरते, सोडले की थांबते. कापड पूर्ण उलगडल्यावरही कुणी बटण दाबूनच ठेवले तर नळी त्याच दिशेने फिरत राहते आणि कापड तिच्यावर उलट्या बाजूने चढू लागते. आता गंमत होते. ‘बाहेर’चे बटण दाबले की ऑनिंग आत येते, ‘आत’चे दाबले की बाहेर जाते. ताबा घेणाऱ्याला वाटते वायर उलट्या जोडल्या गेल्या, आणि एखादा उत्साही माणूस स्विच उघडून खरोखरच वायर अदलाबदल करतो, की मग घोटाळ्याला पूर्णता येते. इथे बिघाड काहीच नसतो. ‘आत’चे बटण दाबून कापड पुन्हा पूर्ण उलगडू द्यायचे आणि तसेच दाबून ठेवायचे, म्हणजे ते मूळच्या बाजूने चढू लागते. ओळखायची खूण सोपी आहे. ऑनिंग धडधाकट असताना एकदा नळीच्या टोकाशी उभे राहून कापड तिच्या वरून चढते की खालून, हे पाहून ठेवावे. उलट चढलेले कापड नीट मिटत नाही, पावसाचे पाणी भलत्या जागी साठवते आणि कडेला चुरगळते. म्हणून बटण दाबताना नजर बटणावर नको, नळीवर हवी. स्विच गाडीच्या आत बसवणाऱ्यांनी हे जरा मनावर घेतले असते तर बरे झाले असते.

आता खऱ्या बिघाडांकडे वळू. सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे ऑनिंग उघडली झकास, पण मिटत नाही. मोटर एकच, तिच्याकडे जाणाऱ्या वायर त्याच दोन, फ्यूज तोच. दिशा बदलते ती स्विच त्या दोन वायरमधला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह उलटा करतो म्हणून. तेव्हा एका दिशेने जी मोटर फिरते तिच्या वायर तुटलेल्या नाहीत आणि तिचा फ्यूजही उडालेला नाही, हे सिद्धच झाले. उरल्या दोन शक्यता. एक तर स्विचच्या आतला त्या दिशेचा संपर्क जळला असेल, किंवा वीज पोचत असेल पण मिटवण्याइतका जोर तिच्यात नसेल. या दोन्ही कानांनी वेगळ्या ओळखता येतात. मिटवण्याचे बटण दाबल्यावर काहीच हालचाल नाही, गुणगुण नाही, गाडीतला दिवाही जराही मंदावत नाही, तर संशय स्विचवर किंवा जिथे स्वतंत्र नियंत्रण पेटी असते तिथे तिच्यातल्या रिलेवर. उलट मोटर कण्हत असेल, नळी दोन इंच सरकून थांबत असेल, दिवा मंदावत असेल, तर मोटरला काम करायचे आहे पण तिचे पोट भरलेले नाही. उघडणे हलके असल्यामुळे अशक्त बॅटरीवरही ते होऊन जाते, आणि अडचण कळते ती नेमकी ढग भरून आल्यावर, मिटवायच्या वेळी.

पोट भरले आहे की नाही ते मल्टिमीटर सांगतो, पण त्याला योग्य वेळी विचारले तरच. कॅम्परच्या लेड-ॲसिड बॅटरीचा पूर्ण चार्ज झाल्यावरचा, शांत असतानाचा व्होल्टेज १२.६ ते १२.७ असतो. तो १२ च्या खाली आला म्हणजे बॅटरी जवळपास संपलेली. लिथियम बॅटरीचे आकडे वेगळे असतात आणि ती संपता संपता एकदम गप्प होते. पुष्कळ जण बॅटरीवर १२.६ वाचतात, मोटरच्या वायरवरही १२.६ वाचतात आणि म्हणतात, वीज तर पोचते आहे, मग मोटरच मेली. चूक इथेच होते. मोटर जोडलेली नसताना वायरमधून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे गंजलेला सांधाही मीटरवर धडधाकट दिसतो. समजा सांध्याचा रोध फक्त अर्धा ओहम आहे आणि मोटरला ८ अँपिअर लागतात. प्रवाह सुरू होताच त्या सांध्यावर ४ व्होल्ट खर्ची पडतात आणि १२.६ पैकी मोटरच्या वाट्याला येतात ८.६. उघडायला ते पुरतात, मिटवायला नाही. म्हणून मोजमाप एकाने बटण दाबून धरलेले असताना, मोटर वायरला जोडलेली असतानाच करायचे. दाबलेल्या बटणानिशी मोटरच्या तोंडाशी १२ च्या आसपास व्होल्ट टिकतात, नळी हाताला मोकळी लागते, आणि तरीही मोटर हलत नाही, असे तिन्ही जमले तरच तिच्यावर आरोप ठेवावा.

बाहेरगावी अडकलेल्या माणसाने क्रमही पाळावा. आधी पाहायचे की सबंध गाडीचाच पुरवठा तर बंद नाही ना. कॅम्परला बॅटरीचा पुरवठा तोडणारा एक मुख्य स्विच असतो आणि तो बंद असताना ऑनिंग चालत नाही म्हणून लोक फ्यूज शोधत बसतात. मोटरहोममध्ये बऱ्याचदा इग्निशनची अडवणूक असते. किल्ली फिरवलेली असली की ऑनिंग मुद्दामच चालत नाही, धावत्या गाडीत कुणाचा हात चुकून बटणावर पडू नये म्हणून. कॅम्पग्राउंडवर बाहेरची वीज जोडलेली असते तेव्हा गाडीतला कन्व्हर्टरच १२ व्होल्ट पुरवतो, आणि मेलेली बॅटरी लक्षात येत नाही. ती लक्षात येते रानात, जिथे विजेचा खांबच नसतो. मग फ्यूज. उडालेला फ्यूज त्याच आकड्याचा घालावा. वारंवार उडतो म्हणून मोठा घालणे म्हणजे वायर पेटवायची तयारी. वारंवार उडण्याचे कारण बहुधा ऑनिंगच्या हातात असते. मोटरची वायर एका हातातून गेलेली असते आणि प्रत्येक उघडझापीला ती सांध्यापाशी वाकते. कधी ती तिथे चेपते, तर कधी वरचे प्लॅस्टिक साबूत राहून आतली तांब्याची तार तुटते. ऑनिंग ठरावीक जागी आल्यावरच थांबत असेल, वायर जरा हलवल्यावर पुन्हा चालत असेल, तर शोध तिथेच संपला.

विजेचे सगळे ठीक आणि तरी ऑनिंग अडते, तेव्हा हातांकडे पाहावे. एका बाजूचा स्ट्रट निकामी झाला की नळी तिरकी होते, त्या बाजूचे कापड झोळासारखे पडते, मिटताना एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ गुंडाळी होते आणि कडा बाहेर येतात. कापड खोबणीत आडवे सरकले तरी हेच होते. म्हणून ते खोबणीच्या दोन्ही टोकांना स्क्रूने अडकवलेले असते, आणि तो स्क्रू निसटलेला असणे ही पाच मिनिटांची दुरुस्ती आहे. थंडीचाही हात असतो. स्ट्रटमधला वायू २७ अंशांवरून शून्य अंशांवर आला तर त्याचा दाब सुमारे ९ टक्के घटतो. शिवाय व्हिनाइलचे कापड थंडीत कडक होते. पहाटे अर्धवट उघडून रेंगाळणारी ऑनिंग दुपारी शहाण्यासारखी वागते, ती यामुळे. सांध्यांवर ग्रीस थापू नये, त्याला धूळ चिकटते. सिलिकॉनचा कोरडा स्प्रे बरा.

आता वारा आणि पाऊस. माझ्या मते ऑनिंगचे मरण विजेपेक्षा या दोघांच्या हाती जास्त आहे. १८ फूट लांब आणि ८ फूट रुंद ऑनिंग म्हणजे सुमारे १३ चौरस मीटर कापड. ताशी ३६ किलोमीटरचा वारा ते थेट अंगावर घेईल तर दर चौरस मीटरला ६ किलोच्या आसपास जोर लागतो, म्हणजे एकूण ८० किलोच्या घरात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, ३२० किलो. प्रत्यक्षात वारा तिरका लागतो आणि जोर कमी भरतो हे खरे, पण खालून शिरलेला झोत कापड उचलतो तेव्हा स्ट्रटला त्याला रोखायची काहीच सोय नसते. ते तर बाहेर रेटण्यासाठीच बनवलेले. युरोपात ऑनिंगसाठी ईएन १३५६१ हे मानक आहे. घराच्या भिंतीत बोल्टने आवळलेल्या, घडीच्या हातांच्या ऑनिंगलाही त्यातला सर्वांत वरचा वर्ग वाऱ्याच्या ब्यूफोर्ट मोजपट्टीवर ६ पर्यंतच, म्हणजे ताशी ४९ किलोमीटरपर्यंतच धरतो. कॅम्परच्या पातळ भिंतीवरच्या स्क्रूंकडून याहून जास्त अपेक्षा कशी करायची? पावसाचा हिशोब आणखी सोपा. १३ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १३ लिटर. १० मिलिमीटरचे पाणी वाहून न जाता साठले तर १३० किलो एका झोळात. म्हणून एका बाजूचा हात खाली घेऊन उतार द्यायचा असतो. काही मॉडेलांत पाण्याचे वजन वाढले की स्ट्रट दबून पाणी आपोआप ओततात. सोय चांगली आहे, पण ती शेवटची ढाल मानावी.

इथे कुणी म्हणेल, वारा ओळखणारे सेन्सर आता मिळतात की. मिळतात. नळीच्या हादऱ्यांवरून वारा वाढल्याचे ओळखून ते ऑनिंग मिटवतात आणि डोळ्यांदेखत ते कामही चोख करतात. अडचण दुसरीकडे आहे. सेन्सरने हुकूम दिला तरी मिटवायचे जड काम त्याच बॅटरीने, त्याच गंजक्या सांध्यातून, त्याच मोटरकडून करून घ्यायचे असते. साखळीत कच्ची कडी असेल तर सेन्सरचा हुकूम वाऱ्यावर जातो. शिवाय हादरे सुरू झाल्यावरच तो जागा होतो. ॲरिझोना आणि दक्षिण युटा भागात १५ जून ते ३० सप्टेंबर हा पावसाळी मोसम मानला जातो. तिथल्या वादळांत थेंब पडण्याआधीच गार वाऱ्याचा लोट जमिनीलगत येऊन आदळतो. निरभ्र दुपारी ऑनिंग उघडी टाकून दरी पाहायला गेलेल्यांचे नुकसान असेच होते. सेन्सर असो नसो, जागा सोडताना आणि झोपताना ऑनिंग मिटवावी. ओली मिटवावी लागली तर मिटवावी, पण एक-दोन दिवसांत उघडून वाळवावी. कापडावरच्या मळावर बुरशी धरते.

वीज नाही आणि वारा सुटला, अशा वेळी हाताने मिटवायची सोय काय, हे मॉडेलागणिक वेगळे असते. कुठे नळीच्या टोकाशी रबरी बुचाखाली षटकोनी खाच असते, ड्रिल मशीनने सावकाश फिरवायची. कुठे मोटरच्या वायरींना बाहेरची १२ व्होल्टची बॅटरी जोडायची असते. पुस्तिकेतले ते पान गाडी उभी असतानाच वाचलेले बरे. मोटर काढून टाकली की काम सोपे होईल, हा विचार मात्र जीवावर बेतू शकतो. मोटरच्या गिअरने रोखून धरलेली नळी मोकळी होते आणि स्ट्रटचा किंवा स्प्रिंगचा सगळा ताण एका झटक्यात सुटतो. मिटवून झाल्यावर दोन्ही हात दोरीने गाडीशी बांधून ठेवावेत. रस्त्यावर ऑनिंगला धरून ठेवणारे बहुधा मोटरच्या गिअरशिवाय दुसरे काही नसते.

मग एवढा खटाटोप करण्यापेक्षा हँडलने फिरवायची जुनी ऑनिंग काय वाईट, हा आक्षेप खोडून काढण्याजोगा नाही. इटलीच्या फियामाच्या हँडलवाल्या ऑनिंग युरोपभर कॅम्परवर वापरात आहेत आणि त्यांना बॅटरी संपल्याचे दुःख नाही. एकट्यादुकट्या तरुण माणसाने तीच घ्यावी, असे मी म्हणेन. पण ज्याचे खांदे दुखतात, ज्याला शिडीवर चढणे जमत नाही, किंवा ज्याला पहिल्या झुळुकीसरशी अर्ध्या मिनिटात मिटवायची आहे, त्याच्यासाठी मोटर ही चैन नव्हे. फक्त मोटर घेतली म्हणजे लक्ष द्यायचे काम संपले, असे होत नाही.

मोटर खरोखरही मरते. पाणी शिरते, गिअरचे दाते झिजतात आणि मग आवाज येतो पण नळी फिरत नाही. तापलेली मोटर काही मॉडेलांत स्वतःहून थांबते. पंधरा-वीस मिनिटांनी चालू लागली तर ती मेलेली नव्हती, दमली होती. मात्र वर सांगितलेली परीक्षा घेतल्याशिवाय तिचा पंचनामा करू नये. त्या परीक्षेला एक मल्टिमीटर आणि बटण दाबायला एक माणूस लागतो. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण बॅटरीच्या दोन टोकांत पाना आडवा पडला तर ठिणगी आणि भाजणे दोन्ही होते, म्हणून अंगठी आणि कडे काढून ठेवावे. एवढेही जमण्याजोगे नसेल तर मेकॅनिक बोलवावा, पण त्याला ‘मोटर बदला’ म्हणू नये. उघडते का, मिटते का, आवाज येतो का, दिवा मंदावतो का, या चार प्रश्नांची उत्तरे त्याला द्यावीत.

आता घरची गोष्ट. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन, म्हणजे कॅम्परसाठी, पर्यटन धोरण मंजूर केले आहे. अशा गाड्यांना ऑनिंग बसवताना आपल्याकडचे दोन प्रश्न अमेरिकी पुस्तिकेत सापडायचे नाहीत. कोकणात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस ही नवलाई नाही. वरच्या हिशोबाने ते १,३०० लिटर होतात, त्यामुळे पावसाळ्यात उतार न देता ऑनिंग उघडणे सोडूनच द्यावे. आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत सांधे लवकर गंजतात, तेव्हा किनाऱ्यावर फिरणाऱ्या गाडीचे बॅटरीचे टर्मिनल, फ्यूजची खाच आणि मोटरचा जोड दर मोसमाच्या सुरुवातीला घासून पुसून घ्यावेत. कॅम्पर कुठलाही असो, भाड्याने घेताना ताबा देणाऱ्याकडून ऑनिंग एकदा तुमच्यासमोर पूर्ण उघडून पूर्ण मिटवून घ्या, तेही बाहेरची वीज काढून, नुसत्या बॅटरीवर. हाताने मिटवायची खाच कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगा, आणि ऑनिंगचे नुकसान विम्यात धरले आहे की नाही, हे करारावर सही करण्याआधी वाचा.